ईथरनेट स्विचवरील वेग व द्विदिशता

ईथरनेट पद्धतीच्या संगणक-जाळ्यातील स्विचच्या प्रत्येक पोर्टावर माहिती किती वेगाने पाठवावयाची आणि ती दोन्ही दिशांना एकाच वेळी वाहू द्यावयाची की आळीपाळीने, हे ठरविणारी मांडणी. यांपैकी पहिल्या गोष्टीस वेग (स्पीड) व दुसरीस द्विदिशता (ड्युप्लेक्स) म्हणतात. स्विच म्हणजे संगणक, मुद्रक, टेलिफोन, कॅमेरे इत्यादींच्या केबली एकत्र आणणारे आणि एका पोर्टावर आलेली माहिती तिच्यावरील पत्त्यानुसार योग्य त्या दुसऱ्या पोर्टावर पाठविणारे उपकरण होय; केबल जोडण्याच्या त्याच्या प्रत्येक जागेस पोर्ट म्हणतात.

वेग व द्विदिशता हे एकट्या पोर्टाचे गुणधर्म नसून केबलीच्या दोन टोकांमधील कराराचे भाग आहेत. वेगाबाबत दोन टोकांत एकमत नसेल, तर दुवा सर्वसाधारणपणे जुळतच नाही व दोष लगेच ध्यानात येतो. द्विदिशतेबाबत एकमत नसेल, तर मात्र दुवा जुळतो, पोर्टाजवळचा दिवा पेटतो आणि माहिती पोहोचतेही. पण ती रखडत, तुटत व पुनःपुन्हा पाठवावी लागून पोहोचते. हा दोष दडून राहत असल्यामुळे या लहानशा मांडणीला व्यवहारात मोठे महत्त्व आले आहे.

वेग : ईथरनेटचा वेग एका सेकंदात पाठविल्या जाणाऱ्या बिटांच्या संख्येने व्यक्त करतात (बिट म्हणजे ० किंवा १ हा द्विमान अंक; १० लाख बिट = १ मेगाबिट; १,००० मेगाबिट = १ गिगाबिट). कार्यालयांतील तांब्याच्या केबलीवर सेकंदाला १०, १०० व १,००० मेगाबिट हे वेग सर्वपरिचित आहेत. या केबलीत पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात आणि तिची कमाल लांबी १०० मी. धरलेली असते. वेग बदलला की केवळ स्पंदांची घाई वाढते असे नाही, तर संकेत घडविण्याची रीतच बदलते. १० मेगाबिटांना विद्युत् दाबाच्या दोन पातळ्या वापरतात, १०० मेगाबिटांना तीन, तर १,००० मेगाबिटांना पाच पातळ्या वापरून चारही जोड्यांवरून एकाच वेळी संकेत पाठवितात. म्हणून एक टोक १० व दुसरे १०० मेगाबिटांवर पक्के केले, तर त्यांना एकमेकांचे संकेत वाचता येत नाहीत.

अर्ध व पूर्ण द्विदिशता : लोहमार्गाच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. एकेरी मार्गावर गाड्या दोन्ही दिशांना जातात, परंतु एका वेळी एकाच दिशेने. समोरून गाडी येत असेल तर दुसरीस थांबावे लागते. ही अर्ध द्विदिशता (हाफ ड्युप्लेक्स) होय. दुहेरी मार्गावर जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्यांना स्वतंत्र रूळ असतात आणि कोणासही थांबावे लागत नाही. ही पूर्ण द्विदिशता (फुल ड्युप्लेक्स) होय. १०० मेगाबिटांच्या दुव्यावर पूर्ण द्विदिशता असल्यास दोन्ही दिशांना प्रत्येकी १०० मेगाबिटांची वाहतूक एकाच वेळी होऊ शकते. अर्ध द्विदिशतेत तेवढीच क्षमता दोन दिशांना वाटून घ्यावी लागते.

ईथरनेटचा जन्म अर्ध द्विदिशतेतच झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कॅलिफोर्नियातील पॅलो अल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ (१९४६–   ) व डेव्हिड बॉग्ज (१९५०–२०२२) यांनी १९७३ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन (१९३२–२०२०) यांनी बेटांवरील संगणक रेडिओने जोडण्यासाठी उभारलेल्या अलोहा जाळ्यातून त्यांना प्रेरणा मिळाली होती. प्रकाश वाहून नेणारे म्हणून एकोणिसाव्या शतकात कल्पिलेल्या ईथर या सर्वव्यापी माध्यमावरून नव्या पद्धतीला नाव देण्यात आले. येथे ते माध्यम म्हणजे सर्व संगणकांना सामाईक असलेली एकच समाक्ष केबल होती. पहिल्या प्रायोगिक जाळ्याचा वेग सेकंदाला २·९४ मेगाबिट होता. डिजिटल इक्विपमेंट, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी १९८० मध्ये १० मेगाबिटांचे विनिर्देश प्रसिद्ध केले आणि १९८३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने त्यांवर आधारलेले ८०२.३ हे मानक संमत केले.

सामाईक केबलीवर दोघे एकदम बोलले, तर त्यांचे संकेत एकमेकांत मिसळून निरर्थक होतात. यास टक्कर (कोलिजन) म्हणतात. म्हणून नियम असा केला गेला, की प्रत्येकाने प्रथम केबल मोकळी आहे की नाही हे ऐकावे, मोकळी असल्यासच पाठवावे आणि पाठवीत असतानाही ऐकत राहावे. टक्कर झाल्याचे आढळले, तर पाठविणे थांबवून यदृच्छया निवडलेल्या काळाने पुन्हा प्रयत्न करावा. टकरी होत राहिल्यास ही निवड अधिकाधिक मोठ्या पल्ल्यातून केली जाते आणि १६ प्रयत्न फसल्यास ती फ्रेम सोडून दिली जाते (फ्रेम म्हणजे माहितीचा पत्ता घातलेला एक तुकडा). टक्कर झाल्याची वार्ता प्रेषकाला फ्रेम संपण्यापूर्वीच कळली पाहिजे. यासाठी फ्रेमीची किमान लांबी ६४ अष्टके, म्हणजे ५१२ बिट, ठरविण्यात आली. १० मेगाबिटांच्या वेगाने एवढे बिट जाण्यास ५१·२ मायक्रोसेकंद लागतात, तर १०० मेगाबिटांना ५·१२ मायक्रोसेकंद (१ मायक्रोसेकंद = सेकंदाचा दशलक्षांश). जाळ्याचा विस्तार नियमात असेल, तर टक्कर याच मुदतीत होते. त्यानंतर केबल आपलीच आहे असे प्रेषकाने गृहीत धरावयाचे असते.

स्विचमुळे झालेला बदल : पीळ दिलेल्या तारांवरील १० मेगाबिटांच्या ईथरनेटचे मानक १९९० मध्ये आले. त्यात जाण्यासाठी एक व येण्यासाठी दुसरी अशा स्वतंत्र जोड्या होत्या. तथापि मध्यभागी हब हे उपकरण असे. ते एका पोर्टावर आलेला संकेत इतर सर्व पोर्टांवर तसाच पुढे पाठवी. त्यामुळे तारा वेगळ्या असूनही माध्यम सामाईकच राहिले व आळीपाळीचा नियम तसाच चालू राहिला.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील कल्पना या कंपनीने सात पोर्टांचा ईथरस्विच बाजारात आणला. अनेक पोर्टांचा हा पहिला ईथरनेट स्विच मानला जातो. विनोद भारद्वाज हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असून कंपनीस त्यांच्या पत्नीचे नाव देण्यात आले होते. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली. स्विच आलेली फ्रेम तात्पुरती साठवून केवळ इच्छित पोर्टावरच पाठवू शकतो. त्यामुळे प्रत्येक केबलीवर दोनच पक्ष उरतात : एका टोकाला स्विच व दुसऱ्या टोकाला संगणक. जाण्याच्या व येण्याच्या जोड्या वेगळ्या आणि तिसरा कोणी नाही, अशा स्थितीत टक्कर संभवतच नाही आणि आळीपाळीचा नियम अनावश्यक ठरतो. पूर्ण द्विदिशतेला १९९७ च्या ८०२.३एक्स या मानकाने अधिकृत स्थान मिळाले. पूर्ण द्विदिश पोर्ट टकरींकडे पाहत नाही व पाठविण्यापूर्वी ऐकतही नाही. मात्र दुसऱ्या टोकानेही तोच नियम मानला असेल, तरच हे चालते.

स्वयंचलित वाटाघाट : जुनी व नवी, मंद व वेगवान उपकरणे एकाच जाळ्यात येऊ लागल्यावर दोन टोकांनी आपसांत करार करण्याची सोय आवश्यक झाली. १०० मेगाबिटांच्या ईथरनेटसाठी १९९५ मध्ये आलेल्या ८०२.३यू या मानकात स्वयंचलित वाटाघाटीची (ऑटोनिगोशिएशनची) पद्धती दिलेली आहे. १० मेगाबिटांची उपकरणे काही पाठवीत नसताना दुवा जिवंत असल्याची खूण म्हणून सु. १६ मिलिसेकंदांच्या अंतराने एकेक स्पंद पाठवीत. नव्या मानकाने या एका स्पंदाच्या जागी स्पंदांचा झुबका योजिला. झुबक्यात १७ स्पंद कालमापनाचे असतात आणि त्यांच्या मधल्या १६ जागी स्पंद असणे वा नसणे यांवरून १६ बिटांचा मजकूर वाचला जातो. ‘मला १० मेगाबिट अर्ध व पूर्ण, १०० मेगाबिट अर्ध व पूर्ण एवढे येते’ अशा स्वरूपाची ही घोषणा असते. दोन्ही टोके एकमेकांच्या घोषणा वाचतात, पोच देतात आणि दोहोंस येणाऱ्या प्रकारांपैकी मानकातील अग्रक्रमाने सर्वांत वरचा प्रकार निवडतात. क्रम दोघांनाही ठाऊक असल्याने निवडीविषयी पुन्हा विचारणा करावी लागत नाही.

समोरचे उपकरण वाटाघाट करीतच नसेल, तर वाटाघाट करणारे टोक त्याच्या संकेतांचे स्वरूप तपासते. १० व १०० मेगाबिटांचे संकेत भिन्न असल्याने त्यावरून वेग ओळखता येतो. द्विदिशता मात्र ओळखता येत नाही, कारण अर्ध व पूर्ण या दोन्ही प्रकारांत संकेत अगदी सारखेच असतात. फरक असतो तो बोलण्याच्या शिस्तीत. अशा वेळी अर्ध द्विदिशता धरावी असे मानक सांगते. १९९५ च्या सुमारास वाटाघाट न करणारी उपकरणे बहुधा हब किंवा जुनी कार्डे असल्याने हे गृहीत सुरक्षित होते.

द्विदिशतेची विसंगती : वरील नियमातच दोषाचे मूळ आहे. एका टोकाचा पोर्ट कोणी ‘१०० मेगाबिट, पूर्ण’ असा हाताने पक्का केला, की पुष्कळ उपकरणांत त्या पोर्टाची वाटाघाट बंद होते. दुसरे टोक वाटाघाटीवरच ठेवलेले असल्यास त्याला घोषणा ऐकू येत नाही. ते वेग बरोबर ओळखते. पण अर्ध द्विदिशता पतकरते. एका स्टेशनमास्तरने मार्ग दुहेरी समजावा व दुसऱ्याने एकेरी, तशी ही स्थिती होते.

अर्ध द्विदिश टोक केबल मोकळी पाहून फ्रेम पाठवू लागते. पूर्ण द्विदिश टोक ऐकत नसल्याने तेही मध्येच आपली फ्रेम सुरू करते. तारांवर प्रत्यक्षात काहीच मिसळलेले नसते. तरीही अर्ध द्विदिश टोक पाठवीत असतानाच काहीतरी आले म्हणून टक्कर झाली असे मानते, आपली फ्रेम अर्ध्यावर तोडते आणि येणारी फ्रेमही टाकून देते. पूर्ण द्विदिश टोकाला तुटकी फ्रेम मिळते, ती तपासणीत अशुद्ध ठरते; स्वतः पाठविलेली फ्रेम पोहोचली नाही हे तर त्याला कळतच नाही. नेहमीच्या सर्वांत मोठ्या, म्हणजे १,५१८ अष्टकांच्या फ्रेमीला १०० मेगाबिटांच्या वेगाने सु. १२१ मायक्रोसेकंद लागतात. त्यांपैकी आरंभीच्या सु. ५ मायक्रोसेकंदांनंतर टक्कर झाल्यास ती उशिराची टक्कर (लेट कोलिजन) ठरते व बहुतेक उपकरणे अशी फ्रेम पुन्हा पाठवीत नाहीत. हरवलेली माहिती शोधून ती पुन्हा मागविण्याचे काम मग संगणकातील वरच्या थरातील व्यवस्थेवर पडते. फ्रेम हरवली हे तिला पोचेच्या अभावावरून कळते व जाळ्यात गर्दी झाली असे समजून ती स्वतःचा वेग आणखी कमी करते.

लक्षणे : दुवा तपासण्यासाठी पाठविलेला लहानसा संदेश व त्याचे उत्तर हे एकामागून एक जात असल्याने ते सुखरूप पोहोचतात. त्यामुळे ‘जाळे ठीक आहे’ असा निष्कर्ष निघतो. मोठी वाहतूक सुरू झाली, की जाणारी माहिती व येणाऱ्या पोचा समोरासमोर येतात आणि वेग कोसळतो. रुग्णालयातील क्ष-किरण चित्रे, बँकेच्या शाखेतील दिवसअखेरचे हिशेब किंवा रात्री घेतली जाणारी माहितीची प्रत अशा कामांतच हा दोष जाणवतो, आणि काम थंडावले की नाहीसा झाल्यासारखा वाटतो. दोष संगणकाला, आज्ञावलीला किंवा केबलीला दिला जातो. प्रसंगी अधिक क्षमतेची लाइनही विकत घेतली जाते. परंतु वाहतूक वाढल्याने टकरी वाढतात आणि खर्च वाया जातो.

निदानाचा पुरावा स्विचच्याच गणकांत (काउंटरांत) मिळतो. अर्ध द्विदिश टोकाला उशिराच्या टकरी व पूर्ण द्विदिश टोकाला अशुद्ध आणि तोकड्या फ्रेमी, अशी जोडी एकाच दुव्यावर वाढत असल्यास विसंगती जवळजवळ निश्चित मानावी. अर्ध द्विदिशतेत साध्या टकरी होणे हा नियमाचाच भाग आहे. उशिराच्या टकरी मात्र निरोगी जाळ्यात होत नाहीत. केवळ अशुद्ध फ्रेमी वाढत असतील व दोन्ही टोके पूर्ण द्विदिश असतील, तर कारण खराब केबल वा जोडणी हे असू शकते.

मांडणी करण्याची पद्धत : व्यवस्थापनाची सोय असलेल्या स्विचवर प्रत्येक पोर्टासाठी सामान्यतः दोन आज्ञा असतात. ‘स्पीड’ या आज्ञेस ऑटो, १०, १०० किंवा १००० व ‘ड्युप्लेक्स’ या आज्ञेस ऑटो, हाफ किंवा फुल असे मूल्य देतात. व्यवस्थापनाची सोय नसलेले साधे स्विच वाटाघाटीवरच चालतात. म्हणून त्यांना जोडलेल्या संगणकावर पूर्ण द्विदिशता पक्की करणे म्हणजे विसंगती ओढवून घेणे होय.

मूळ नियम एकच आहे : दोन्ही टोकांना एकच पद्धत असावी. दोन्ही टोके वाटाघाटीवर ठेवावीत, किंवा दोन्ही समान मूल्यांवर पक्की करावीत. पहिला मार्ग आज बहुतेक ठिकाणी योग्य समजला जातो. दुसरे टोक जुने असून वाटाघाट करीतच नसेल किंवा त्याची वाटाघाट सदोष असेल, तरच दुसरा मार्ग घ्यावा. वेगावर मर्यादा घालणे एवढाच हेतू असल्यास पोर्ट पक्का करण्याऐवजी घोषणेतून नको असलेले प्रकार वगळावेत. ही सोय असलेल्या उपकरणांत वाटाघाट चालू राहते व द्विदिशतेचा करार अबाधित राहतो.

मांडणी बदलण्यापूर्वी दोन्ही टोकांची विद्यमान मूल्ये लिहून घ्यावीत. दूरचा स्विच त्याच दुव्यावरून हाताळला जात असेल, तर आधी दूरचे टोक बदलावे व मग जवळचे; क्रम उलटा केल्यास मध्येच दुवा तुटून दूरच्या स्विचपर्यंत पोहोचता येत नाही. बदलानंतर दोन्ही टोकांनी प्रत्यक्षात स्वीकारलेला वेग व द्विदिशता पाहावी, गणक शून्यावर आणावेत आणि मोठी वाहतूक चालवून ते पुन्हा वाचावेत. केवळ दिवा पेटला एवढ्यावर समाधान मानू नये. पोर्ट पक्का केल्यास तारीख व कारण यांसह त्याची नोंद ठेवावी. कित्येकदा एका टोकाचे उपकरण काही वर्षांनी बदलले जाते, नवे उपकरण वाटाघाटीवर येते आणि दुसऱ्या टोकाची जुनी पक्की मांडणी कोणाच्याही स्मरणात नसते. विसंगती उद्भवण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे.

पोर्ट पक्के करण्याची प्रथा अकारण पडलेली नाही. आरंभीच्या काळात मानकातील काही संदिग्धतेमुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांत वाटाघाट नीट होत नसे आणि त्या वेळी हाताने मूल्ये देणे शहाणपणाचे होते. १९९८ च्या मानकात या त्रुटी दूर करण्यात आल्या. कारण संपल्यानंतरही सवय राहिली आणि तिचाच पुढे दोष झाला.

गिगाबिट व त्यापुढील वेग : तांब्याच्या केबलीवरील १ गिगाबिटाचे मानक १९९९ मध्ये आले. त्यात चारही जोड्यांवर दोन्ही दिशांचे संकेत एकाच वेळी वाहतात आणि प्रत्येक टोक स्वतःचा संकेत वजा करून समोरचा वाचते. यासाठी एका टोकाने कालमापनात पुढाकार घ्यावा व दुसऱ्याने त्याला अनुसरावे लागते. ही वाटणी वाटाघाटीतच ठरते. म्हणून येथे वाटाघाट ऐच्छिक नसून अनिवार्य आहे. अनेक उपकरणांत वेग १,००० असा पक्का केल्यावरही आतून वाटाघाट चालूच राहते व घोषणा तेवढी मर्यादित होते. यातून एक वेगळी अडचण संभवते. वाटाघाट दोनच जोड्यांवरून होत असल्याने उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी तुटलेली असली, तरी करार १ गिगाबिटाचा होतो आणि मग दुवा जुळत नाही. काही उपकरणे अशा वेळी आपण होऊन १०० मेगाबिटांवर उतरतात. त्यामुळे गिगाबिटांचा पोर्ट १०० वर दिसल्यास मांडणीपूर्वी केबल तपासावी.

१ गिगाबिटाला अर्ध द्विदिशतेची व्याख्या मानकात आहे, परंतु ती व्यवहारात रुजली नाही. २००२ च्या १० गिगाबिटांच्या मानकाने ती वगळलीच. त्या व त्यापुढील वेगांना केवळ पूर्ण द्विदिशताच असते. प्रकाशीय तंतूंवरील १० गिगाबिटांच्या दुव्यात तांब्याप्रमाणे वेगाची वाटाघाट नसते. दोन्ही टोकांना जुळणारे प्रेषक-ग्राही घटक बसवावे लागतात.

अर्ध द्विदिशता मात्र इतिहासजमा झालेली नाही. जुनी यंत्रे, मापन उपकरणे व मुद्रक यांच्यामुळे १० व १०० मेगाबिटांचे पोर्ट अजून वापरात आहेत. शिवाय मोटारी व कारखान्यांतील यंत्रे यांसाठी २०१९ मध्ये संमत झालेल्या ८०२.३सीजी या मानकात तारांच्या एकाच जोडीवर अनेक घटक जोडण्याची सोय असून तेथे १० मेगाबिटांची अर्ध द्विदिशता पुन्हा योजिली आहे. टकरी टाळण्यासाठी प्रत्येक घटकास क्रमाने पाळी देण्याची व्यवस्थाही त्यात आहे. माध्यम सामाईक असेल तेथे पाळी हवी आणि स्वतंत्र असेल तेथे ती नको. दोन्ही शिस्ती आपापल्या जागी निर्दोष आहेत. दोष उद्भवतो तो एकाच तारेच्या दोन टोकांनी दोन वेगळ्या शिस्ती पाळल्यामुळे.